जुन्या जन्मनोंदींतील शब्द

वाशीम जिल्ह्यांतील आमच्या मालेगांवीं आजोबांच्या जन्माची नक्कल काढूं जाणाऱ्याला पहिला धक्का बसतो, तो नांवच न सांपडल्याचा. जन्माची वर्दी लागलीच जाई, बारसें मागाहून होई. म्हणून कोतवाल बुकांत पुष्कळदां बापाचें नांव, जात, तारीख आणि पुढें नुसतें ‘मुलगा’ एवढेंच असतें. भावंडांचा क्रम लावून त्यांतला आपला कोण, तें ठरवावें लागतें. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ अशी नोंद निरुपयोगी समजून रिकाम्या हातानें परतले; नातवाच्या जातीच्या दाखल्याला हवी होती ती हीच, हें दोन वर्षांनीं उमगलें.

शब्दही चकवितात. ‘वल्द’ व ‘बिन’ दोन्ही मूळचे अरबी. अर्थ एवढाच कीं, अमक्याचा मुलगा. बाईच्या नांवापुढील ‘कोम’ म्हणजे बायको, ‘कौम’ म्हणजे जात. घाईच्या मोडींत दोन्ही सारखेच भासतात. तेव्हां पुढें पुरुषाचें नांव आहे कीं जातीचें, तें पाहावें. आणि ‘मौजे मजकूर’ नांवाचें गांव नकाशांत शोधीत बसूं नये! मजकूर म्हणजे वर सांगितलेलें.

वाशीम जिल्हा १९०५ सालीं मोडला व हा मुलूख अकोल्याकडे गेला; १९९८ सालीं जिल्हा पुन्हां निराळा झाला. मधल्या कागदावर ‘जिल्हा अकोला’ दिसलें, तर वाडवडिलांनीं घर हलविलें असें समजूं नये.

शाळेच्या दाखलखारीज पुस्तकावर मात्र फार भिस्त ठेवूं नका. ‘१ जून’ ही जन्मतारीख आम्हां मास्तरांनींच कित्येकांना बहाल केली आहे.