वजा काय झालं, बाकी कोणाकडे?



आपल्या इंझोरीतल्या गटाच्या बैठकीत मागे एक गोष्ट घडली. एका ताईने पासबुक उघडलं. त्यात लिहिलं होतं, 'बाकी 3,200'. ती हरखून म्हणाली, "ताई, माह्या नावावर तीन हजार दोनशे बाकी हायेत. पोरीच्या वह्या-पुस्तकाले पायजेत, मले देऊन टाका."

मी पाहिलं, तर ती तिची बचत नव्हती. कर्जातले फेडायचे राहिलेले पैसे होते. तिचा चेहरा उतरला. चूक तिची नव्हती, वही लिहिणारीची, म्हणजे माझी होती. नुसतं 'बाकी' लिहून मी मोकळी झाले होते. म्हणून आज 'वजाबाकी' या शब्दाविषयी बोलू.

हा दोन शब्दांचा जोड आहे. 'वजा' म्हणजे काढून बाजूला ठेवलेलं आणि 'बाकी' म्हणजे मागे उरलेलं. दोन्ही शब्द मूळ अरबी, फारसीतून मराठीत आले. आपल्या वऱ्हाडात सोळाव्या शतकात अचलपूरची इमादशाही होती. अशा राजवटींच्या दप्तरांत फारसी चाले. जमा, वसूल, रक्कम, हिशेब हेही शब्द त्याच वाटेने आले. त्याआधी बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'लीलावती' हा गणिताचा ग्रंथ लिहिला. त्यात वजाबाकीला 'व्यवकलन' म्हटलं आहे. पण लोकांच्या तोंडी बसला तो दप्तरातलाच शब्द. आजही आपण बोलता बोलता विचारतो, "बाकी काय म्हणता?" म्हणजे बोलून झालं ते सोडून काय उरलं?

आता शब्दातच दोन प्रश्न आहेत, ते पाहा. काय वजा झालं? आणि काय बाकी राहिलं?

समजा, 5 क्विंटल सोयाबीन 4,000 रुपये भावाने विकलं. झाले 20,000. हातात आले 14,800. मग मधले 5,200 कुठे गेले? पट्टीवर 'वजा' शोधा. हमाली-तोलाई 200 आणि पेरणीच्या वेळी घेतलेली उचल 5,000. हिशेब जुळला. ताळा करणं सोपं आहे: बाकीत वजा मिळवा, मूळ रक्कम आली पाहिजे. नाही आली तर तिथेच विचारा. घरी आल्यावर विचारून उपयोग नाही. आणि ताळा जुळला तरी वजाची एकेक रक्कम कशाची, ते विचारायला लाजू नका.

'बाकी' मात्र फसवा शब्द आहे. हातात उरलं तेही बाकी आणि फेडायचं राहिलं तेही बाकी. त्या ताईचे 3,200 तिच्या बाजूने 'देणे' होते, गटाच्या बाजूने 'येणे'. म्हणून आता आमच्या वहीत नुसतं 'बाकी' लिहीत नाही. 'बचत जमा' वेगळं आणि 'कर्ज देणे बाकी' वेगळं लिहितो. बैठकीत प्रत्येकीला तिची पानं मोठ्याने वाचून दाखवतो.

तुमच्याही गटाची वही आज उघडून पाहा. जिथे नुसतं 'बाकी' दिसेल तिथे विचारा: ही बाकी कोणाकडे, आणि कोणाला द्यायची?