विचारायचं कुणाला?

शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवते. राज्यघटनेचं २५वं कलम सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं, हे मुलांकडून घोकून घेते. आणि घरी? बारा वर्षं गुरुजींना विचारल्याशिवाय मी माहेरीही गेले नाही. पगारातला दहावा हिस्सा मठात जाई. आई अत्यवस्थ झाली, तेव्हा 'सप्ताह संपल्यावर जा' असा निरोप आला. मी थांबले, आई थांबली नाही.

तेराव्यानंतर मठाची पायरी चढले नाही. तिथल्या मैत्रिणींनी ओळख सोडली. पुढे कितीतरी दिवस साधी साडी घेतानाही हात अडखळे. देवावरची श्रद्धा मात्र गेली नाही. सांजवात अजूनही लावते.

परवा लेकीनं विचारलं, "आई, अकरावीला कुठली शाखा घेऊ?" उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून म्हटलं, "तुला काय वाटतं?"