बापाने मुलाची माफी मागावी का?

आज संयमावर लिहायचं ठरलं होतं. पण मागच्या लेखावर निर्मळच्या एका वाचकभगिनीचं पत्र आलंय, ते बाजूला सारून पुढे जाववत नाही. त्या विचारतात, नवरा चिडला की मुलाला वाट्टेल ते बोलतो, नंतर त्याला वाईटही वाटतं; पण मुलाची माफी मागितली तर बापाचा धाक उरेल का?

धाकाचं नंतर बघू. हाच बाप रविवारी मिस्साच्या सुरुवातीला मुलाशेजारी उभा राहून, छातीवर हात मारून कबूल करतो, की विचारानं, शब्दानं, कृतीनं आणि कर्तव्य चुकवून मी पाप केलंय. ही कबुली एकट्या देवापुढे नसते. जमलेल्या भावाबहिणींपुढेही असते, आणि त्यांत शेजारचा तो पोरगाही आलाच. देवळात जे सहज तोंडातून निघतं ते घरी जेवणाच्या ताटावर अडतं.

१९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद २२२३ मुळातून वाचावा. आईबापांना मुलांपुढे स्वतःचे दोष मान्य करता आले, तर त्यांना वळण लावणं अधिक चांगलं जमेल, असं तिथे स्वच्छ सांगितलंय. गंमत म्हणजे त्याच परिच्छेदात सिराखच्या ग्रंथातली छडी आहे, आणि लगेच पुढे पौलाने इफिसकरांना लिहिलेला इशाराही, की बापांनी मुलांना चिडीला आणू नये. छडीचे भक्त तेवढं पुढचं वाक्य गाळतात.

माफी मागायची कशी, हे मुलांनाच विचारा. फर्स्ट कम्युनियनच्या वर्गात चांगल्या पापनिवेदनाच्या पाच गोष्टी त्यांच्याकडून घोकून घेतात: आत्मपरीक्षण, पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय, फादरपुढे कबुली आणि सांगितलेलं प्रायश्चित्त. यापुढे आपलं ‘सॉरी रे, पण तूही ऐकत नाहीस ना’ धरून पाहा. ते आरोपपत्र झालं. ‘मी तुला मठ्ठ म्हणालो, तसं म्हणायला नको होतं,’ एवढं पुरे. काय केलं त्याचं नाव घ्यायचं आणि ‘पण’च्या आधी थांबायचं.

भरपाईकडे तर कुणाचं लक्षच नसतं. चोरलेली वस्तू परत करावी, कुणाची अब्रू घालवली असेल तर ती भरून द्यावी, असं चर्च शिकवतं. मग चुलतभावंडांसमोर मठ्ठ म्हटलं असेल, तर रात्री अंथरुणात कानाशी पुटपुटून भागत नाही. चारचौघांत गेलेलं चारचौघांतच परत द्यायला हवं. मोठी माणसं नेमकी इथे पळवाट काढतात आणि दुसऱ्या दिवशी आइस्क्रीम आणतात. पोरगं आइस्क्रीम खातं, पण हिशेब विसरत नाही.

आता धाक. माफी आरडाओरड्याची मागायची, शिक्षेची नाही. खोटं बोलला म्हणून दोन दिवस सायकल बंद केली असेल तर ती बंदच राहील. मुलांना हा फरक लगेच कळतो. घोळ आपलाच होतो, अपराधी वाटलं की आपण सायकलही देऊन टाकतो.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतीतिया’त सल्ला दिलाय, की घरात समेट झाल्याशिवाय दिवस संपू देऊ नका, शब्द नकोत, मायेचा एखादा हात पुरतो. नवराबायकोपुरतं मला हे शंभर टक्के पटतं. मुलांच्या बाबतीत मात्र मी वाद घालीन. पाठीवरून हात फिरवला की बाबांचा राग गेला एवढंच त्यांना समजतं. बाबांचं चुकलं होतं हे कुणीतरी बोलायला लागतं.

पत्रात शेवटी एक ओळ आहे: सासूबाई म्हणतात, ‘लेकराची माफी मागायला तो काय फादर आहे?’ आजीबाईंना दोन ओळींत उत्तर देणं माझ्याच्याने होणार नाही. पुढचा आठवडा त्यांचा. संयमाला तोवर थांबावं लागेल.