भाड्याच्या सर्व्हरचे घड्याळ कोण लावतो?

हल्ली पुष्कळ कापडपेढ्यांचा हिशेब दुकानातल्या संगणकावर नसतो. तो भाड्याच्या सर्व्हरवर असतो आणि तो सर्व्हर म्हणजे बहुधा व्हर्च्युअल मशीन. एका मोठ्या यंत्रात अनेक भाडेकरू, आणि प्रत्येकाला वाटते की घर आपलेच! व्यापारी बंधू भाडे विचारतात, जागा विचारतात. घड्याळाची चौकशी सहसा कोणी करत नाही.

वास्तविक व्यवहाराचा पुरावा त्या घड्याळावरच उभा असतो. समजा, गिऱ्हाईक म्हणतो की माल निघण्यापूर्वीच मी ऑर्डर रद्द केली. आपली नोंद दहा मिनिटे मागे असेल तर वाद कशाच्या जोरावर घालणार? बिल नंबर ५०१ ची वेळ बिल नंबर ५०० च्या आधीची निघाली, तर ऑडिटर शंका घेणारच.

व्हर्च्युअल मशीनची वेळ चुकते कशी? जुन्या पद्धतीत मशीन सेकंदाला १०० किंवा १,००० ठोके मोजून वेळ ठरवी. मूळ यंत्र दुसऱ्या भाडेकरूच्या कामात गुंतले की याचे ठोके तुंबत, काही बुडत, आणि घड्याळ मागे पडे. आजच्या केव्हीएमसारख्या व्यवस्थेत मशीन मूळ यंत्राकडूनच वेळ वाचते, त्यामुळे हा दोष बराच कमी झाला. पण मशीन गोठवून पुन्हा चालू केली किंवा जुन्या स्नॅपशॉटवरून उठवली, तर ती झोपी जातानाचीच वेळ सांगू शकते.

यावर इलाज एनटीपी. अमेरिकेतील डेव्हिड मिल्स यांनी ही पद्धत १९८५ च्या सुमारास घडवली. मशीन दूरच्या अचूक घड्याळाला वेळ विचारते आणि निरोप जाण्या-येण्याचा अवधी हिशेबात धरून आपला काटा जुळवते. लिनक्सवर हे काम क्रोनी नावाचा प्रोग्रॅम करतो. फरक थोडा असेल तर तो काटा एकदम सरकवत नाही, हळूहळू जुळवतो. नोंदींचा क्रम बिघडू नये म्हणून. मात्र नेहमीच्या मांडणीत एकदम उडी मारण्याची परवानगी त्याला फक्त सुरुवातीच्या काही तपासण्यांतच असते. गोठवलेली मशीन तासाभराने उठली, तर तो तासही तो हळूहळूच भरत बसेल. म्हणून अशा वेळी क्रोनी मुद्दाम पुन्हा सुरू करावा.

दुसरी चूक सर्रास आढळते. मशीनमध्ये एनटीपी चालू आणि मूळ यंत्राकडूनही वेळ ढकलणे चालू. एका गल्ल्यावर दोन मुनीम! दोघे एकमेकांची दुरुस्ती खोडतात. व्हीएमवेअरचाही सल्ला हाच की दोहोंपैकी एकच ठेवा.

भारतात सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने कंपन्या व डेटा सेंटर यांना एनआयसी किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी घड्याळे जुळवण्यास सांगितले आहे. ती वेळ थेट घ्या, नाहीतर तिच्याशी जोडलेल्या सर्व्हरकडून. तेव्हा भाडे ठरवताना सरळ विचारावे: आमच्या मशीनला वेळ कोण देतो, आणि फरक किती पडला हे कोण तपासतो?

एक गोष्ट घड्याळ बिनचूक असूनही फसवते. पुष्कळ सर्व्हर जागतिक वेळेवर लावलेले असतात, आपल्या साडेपाच तास मागे. सॉफ्टवेअरने तीच वेळ छापली, तर १ एप्रिलच्या पहाटे पाचला फाडलेल्या बिलावर तारीख पडते ३१ मार्च, आणि विक्री जाऊन बसते मागच्या आर्थिक वर्षात. वर्षअखेर येण्यापूर्वी एका पहाटे खोटे बिल काढून तारीख पाहावी आणि ते रद्द करावे.