‘रेप्लिका’ लिहिलं म्हणून तलवार सुटत नाही! परदेशातून मागवलेलं पार्सल कस्टम्समध्ये का अडकतं?

परदेशी वेबसाइटवरून शोभेची तलवार किंवा जपानी कटाना मागवणं लातूरमध्ये बसून दोन मिनिटांचं काम आहे. पैसे कटतात, ट्रॅकिंग नंबर येतो आणि पार्सल बहुतेक वेळा मुंबईत थांबतं. लातूर-नांदेडला आंतरराष्ट्रीय विमानतळ नसल्याने कस्टम्सची तपासणी तिथेच होते. एक्स-रेमध्ये पातं लपत नाही.

पार्सलवर ‘डेकोरेटिव्ह’ किंवा ‘रेप्लिका’ लिहिलेलं असतं. पण शस्त्र कायदा 1959 लेबल बघत नाही. जी वस्तू खेळण्याशिवाय दुसऱ्या कशासाठी वापरता येत नाही आणि जिचं चालतं हत्यार बनवता येत नाही, तीच ‘शस्त्र’ या व्याख्येतून सुटते. प्लास्टिकची तलवार सुटेल. पोलादी पातं बोथट असलं, तरी धार लावली की झालं! शस्त्र नियम 2016 मध्ये तलवार, खंजीर, भाला आणि 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची तत्सम हत्यारं पाचव्या वर्गात येतात.

दंड भरून तलवार मिळते का?

मिळेलच असं नाही. कलम 10 नुसार शस्त्र देशात आणायला परवाना लागतो. तो नसेल तर कस्टम्स कायदा 1962 खाली माल जप्त होऊ शकतो. आधी कारणे दाखवा नोटीस येते. प्रतिबंधित माल दंड घेऊन सोडायचा की नाही, हे अधिकारी ठरवतात. वर मागवणाऱ्यावर वेगळा दंड. म्हणजे तलवारीचे पैसे गेलेच, शिवाय हा खर्च.

नांदेडला येणाऱ्या भाविकांचं काय?

तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या दर्शनाला परदेशातूनही शीख भाविक येतात. कृपाण धारण करण्याचा हक्क संविधानाच्या कलम 25 मध्येच आहे. मात्र विमानात अंगावर कृपाण ठेवण्याची सवलत फक्त देशांतर्गत उड्डाणांत आहे. तिथेही एकूण लांबी 22.86 सेंमी आणि पातं 15.24 सेंमीपेक्षा जास्त चालत नाही.

स्वतःच्या वापरासाठी शस्त्र आणणाऱ्या सूटधारकांना आणि पर्यटकांना कलम 10 मध्ये काही सवलती आहेत. सवलत लागू होते की नाही अशी शंका आली, तर केंद्राचा आदेश येईपर्यंत कस्टम्स वस्तू अडकवून ठेवू शकतं. अशा वेळी खरी माहिती आधीच जाहीर केलेली बरी. बॅगेतली प्रतिबंधित वस्तू प्रामाणिकपणे जाहीर केली, तर कस्टम्स कायद्याच्या कलम 80 नुसार ती ठेवून घेऊन देश सोडताना परत देता येते. लपवलेल्या वस्तूला ही सोय नाही.

देशात बनलेल्या तलवारींची गोष्ट वेगळी. एप्रिल 2022 मध्ये धुळे पोलिसांनी राजस्थानातून जालन्याकडे निघालेल्या गाडीतून 89 तलवारी आणि एक खंजीर पकडला. या मालाच्या वाटेत कस्टम्स कुठे येतच नाही. तिथे नाकाबंदी आणि शस्त्र कायदाच.