संघाची पंगत

१९ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, इंदूरच्या होळकर स्टेडियमवर महिलांच्या विश्वचषक स्पर्धेतला भारत-इंग्लंड सामना झाला. करोंदपासून इंदूर ते किती, दोनशे किलोमीटर. त्यामुळे हा सामना भोपाळकरांना घरच्या अंगणातलाच वाटला. भारताला २८९ धावा हव्या होत्या आणि आपण अवघ्या चार धावांनी हरलो. सत्तर धावांवर खेळणाऱ्या हरमनप्रीतला बाद केले ते इंग्लंडच्या कर्णधार नॅट सिव्हर-ब्रंट यांनी. पुढे आपल्या मुलींनी नवी मुंबईत तो चषक जिंकला, म्हणून इंदूरची हळहळ आता ओसरली आहे.

आम्हांस येथे त्या कर्णधाराच्या आडनावाविषयी लिहावयाचे आहे. सिव्हर हे त्यांचे माहेरचे नाव. ब्रंट हे त्यांच्या सहचरीचे, म्हणजे इंग्लंडच्या प्रख्यात जलद गोलंदाज कॅथरिन ब्रंट यांचे. एकाच संघातून खेळणाऱ्या या दोघींनी मे २०२२ मध्ये विवाह केला आणि दोघींनीही जोडनाव स्वीकारले. आपल्याकडे लग्नानंतर एकीचेच नाव बदलण्याची रीत. तेथे दोघींचे बदलले, एवढी गंमत नोंदवून पुढे जाऊ.

याच नॅटबाई मुंबई इंडियन्सच्या महिला संघाचा आधारस्तंभ. २६ मार्च २०२३ रोजी ब्रेबॉर्न स्टेडियमवर महिला प्रीमियर लीगचा पहिलावहिला अंतिम सामना झाला, तेव्हा नाबाद साठ धावा काढून मुंबईला विजयी केले ते त्यांनीच. त्या दिवशी दिल्लीकडून खेळणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या मरिझान कॅप यांचाही विवाह त्यांच्याच देशाच्या कर्णधार डेन व्हॅन निकर्क यांच्याशी २०१८ मध्ये झाला होता. ब्रेबॉर्नवरच्या त्या गर्दीत किती मराठी कुटुंबे असतील! त्यांतल्या कोणाचा घास अडला नाही. चौकाराला टाळ्या पडल्या, झेल सुटला तर हाय म्हटले गेले. खेळाडूकडे खेळाडू म्हणून पाहणे इतके सोपे असते.

मग प्रश्न असा पडतो की ही सहजता पाहुण्यांपुरतीच का? १९३२ पासून आजवर तीनशेहून अधिक पुरुष भारताकडून कसोटी सामने खेळले. त्यांपैकी एकानेही आपण समलिंगी असल्याचे उघडपणे सांगितलेले नाही. इतक्या पुरुषांत एकही तसा नसेल, हे गणित आमच्या मनाला पटत नाही. कोणी नव्हते असे नव्हे. कोणी बोलले नाही.

का बोलले नाही, हे समजण्यासाठी फार लांब जावयास नको. आमच्या शाळेच्या मैदानावर उभे राहिले तरी पुरे. भोपाळची मराठी मुले घरात मराठी बोलतात आणि मैदानात हिंदी. हिंदीत चेंडू सीमापार उडाला की सारे ओरडतात, ‘छक्का!’ आणि सोपा झेल सुटलेल्या मुलालाही हिणवतात, ते याच शब्दाने. एकच शब्द पराक्रमाचा आणि तोच नामर्दपणाचा! दुसऱ्या वेळचा उच्चार वेगळा असतो. मुलांना तो सहावी-सातवीतच साधतो. आपल्या मराठीने ‘षटकार’ हा सुंदर शब्द घडवून हे लांच्छन टाळले, असे कोणी भाषाभिमानी म्हणेल. त्याला आम्ही ‘बायल्या’ या शब्दाची आठवण करून देऊ.

या शिवीत कोडे उलगडते. मुलगी मैदानात उतरते तेव्हाच समाजाने ठरविलेला साचा मोडून उतरते; ‘मुलासारखी वागते’ हे बोलणे तिने आधीच सोसलेले असते. मुलाचे उलट आहे. त्याच्यासाठी खेळ म्हणजे पुरुषत्वाचा दाखला. तो दाखला ज्याला गमवावयाचा नाही, तो गप्प बसतो. महिलांच्या क्रिकेटमध्ये आज विवाहित जोडपी उघडपणे खेळतात. पुरुषांच्या क्रिकेटमध्ये मात्र शोधून नावे काढावी लागतात. इंग्लंडचा यष्टिरक्षक स्टीव्हन डेव्हिस याने फेब्रुवारी २०११ मध्ये हे जाहीर केले. खेळत असताना असे सांगणारा तो पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेटपटू. न्यूझीलंडचा जलद गोलंदाज हीथ डेव्हिस कसोटी खेळला नव्वदीच्या दशकात आणि बोलला २०२२ मध्ये. फुटबॉलची कथा अधिक करुण आहे. दहा लाख पौंड मोजून घेतला गेलेला जस्टिन फॅशानू १९९० मध्ये बोलला. सख्ख्या भावाने त्याला जाहीरपणे झिडकारले. १९९८ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्यानंतर इंग्लंडमधल्या एखाद्या व्यावसायिक पुरुष फुटबॉलपटूने खेळत असताना तोंड उघडावयास २०२२ साल उजाडावे लागले. ब्लॅकपूलचा जेक डॅनियल्स तेव्हा सतरा वर्षांचा होता. सतरा म्हणजे आमच्या बारावीच्या वर्गातला!

आपल्याकडे हे धैर्य दाखविले ओडिशाच्या विणकर घरातल्या धावपटू द्युती चंद यांनी. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलिंगी संबंध हा गुन्हा नसल्याचा निर्णय दिला आणि पुढल्याच मे महिन्यात त्या बोलल्या. घरातूनच विरोध झाला. जुलैत त्यांनी नेपल्सला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत शंभर मीटरचे सुवर्णपदक जिंकले. परंतु शंभर मीटरच्या धावपट्टीवर माणूस एकटा असतो. संघात तसे नसते. तेथे डबा एक, बस एक, मुक्कामाची खोली एक.

संघात घेणे आणि पंगतीत घेणे यांतला फरक महाराष्ट्राने एकदा पाहिला आहे. पळवणकर बाळू यांची डावखुरी फिरकी पुण्याच्या हिंदू क्लबाला हवी होती, म्हणून त्यांना संघात घेतले. चहाच्या वेळी मात्र त्यांनी बाहेर उभे राहून मातीच्या भांड्यातून चहा प्यावयाचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळविले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. दोन्ही दुःखे एकाच मापाने मोजावीत असे आम्ही म्हणत नाही. जात लपविता येत नव्हती. ही गोष्ट लपविता येते. बाळूंना मैदान मिळाले, पंगत नाकारली गेली. आजच्या या मुलाला पंगत मिळते, पण अट अशी की जेवताना त्याने बोलावयाचे नाही. आणि ‘तसल्या’ लोकांवर विनोद झाला की सर्वांबरोबर हसावयाचे. आमच्या मते ही अटही मातीच्या भांड्याच्याच जातीची.

एक आक्षेप मात्र विचारात घेण्याजोगा आहे. एकाच संघात जिव्हाळ्याचे जोडपे असेल तर पक्षपात होणार नाही का? भोपाळ हे हॉकीचे गाव, म्हणून उत्तर हॉकीतले देतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या महिला संघाच्या कर्णधार होत्या केट रिचर्डसन-वॉल्श. त्यांच्या पत्नी हेलन त्याच संघात खेळत होत्या. आपल्या मुली छत्तीस वर्षांनी ऑलिंपिकला पोचल्या होत्या, त्यांनाही गटात याच संघाने हरविले. अंतिम सामन्यात लागोपाठ दोन ऑलिंपिक जिंकलेल्या नेदरलँड्सशी ३-३ अशी बरोबरी झाली. निर्णायक शूटआऊटमध्ये ब्रिटनला पेनल्टी स्ट्रोक मिळाला, तेव्हा तो घेण्यास हेलन पुढे आल्या आणि त्यांनी गोल केला. सुवर्णपदक ब्रिटनचे. हॉकी जाणणाऱ्यास यापुढे काही सांगावयास नको.

दुसरा आक्षेप खोलीचा. दौऱ्यावर दोघे-तिघे एका खोलीत राहतात, तेव्हा इतर मुलांचे काय? स्टीव्हन डेव्हिसबाबत संघातील सहकाऱ्यांना २०१०-११ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याआधीच सांगितले गेले होते. सारे एकत्र गेले, एकत्र राहिले, आणि इंग्लंडने ऑस्ट्रेलियात ॲशेस मालिका जिंकली. शिस्तीचे नियम हवेतच, पण ते वर्तनाचे असावेत. गैरवर्तन कोणीही केले तरी ते गैरवर्तनच.

खोलीचा हाच प्रश्न घेऊन मध्यंतरी एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. मराठी, मध्यमवर्गीय, सत्शील. ओळख पटेल असे काही येथे लिहीत नाही. मुलगा खो-खो खेळणारा. त्याने घरी आईला खरे सांगितले होते. वडिलांनी ऐकून घेतले, यालाच आम्ही मोठी गोष्ट समजतो. आता बाहेरगावच्या स्पर्धेला त्याला पाठवावे, की प्रकृतीचे निमित्त करून नाव काढून घ्यावे? ‘सर, तुम्ही मुलांत राहता, तुम्हीच सांगा,’ असे म्हणून ते खाली पाहत बसले. आम्ही विचारले, त्याच्यात काय बदलले आहे? बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, पाठलागात तो अजूनही सर्वांत चपळ आहे.

मुलगा गेला. संघ दुसऱ्या फेरीत हरला. मुलाचा गुडघा खरचटला होता, त्यावर औषध कोणते लावावे हे विचारण्यासाठी वडिलांचा दूरध्वनी आला. मुलगा यंदाही त्याच संघात आहे. पाठीवर थाप बसली, ‘खो’ कानी आला की उठून धावतो. ज्यांच्या पाठीवर तो थाप देतो आणि जे त्याच्या पाठीवर देतात, त्या आठ-दहा मुलांपैकी कोणालाही अजून त्याने काही सांगितलेले नाही.