टाईप २ मधुमेह : गोळी आणि पथ्य, दोन्ही आवश्यक

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. यांपैकी बहुतेकांना टाईप २ प्रकारचा मधुमेह असतो. रक्तशर्करा आटोक्यात येताच अनेक रुग्ण स्वतःहून गोळ्या बंद करतात. मात्र गोळ्यांनी आजार नियंत्रणात राहतो, समूळ नाहीसा होत नाही.

उपचारांचा प्रारंभ सामान्यतः मेटफॉर्मिनने होतो. यकृतातील साखरेची निर्मिती हे औषध कमी करते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्यास चालना देते. त्यामुळे जेवण टळल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर आणि गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे होत. रुग्ण शुद्धीवर असल्यास त्याला त्वरित साखर किंवा ग्लुकोज द्यावे. म्हणूनच उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे आवश्यक ठरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे अतिरिक्त साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनाही ती उपयुक्त ठरली आहेत.

औषधाइतकेच महत्त्व जीवनशैलीला आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींविषयीचे एक भारतीय संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आहार-व्यायामामुळे मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिनमुळे सुमारे २६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. आठवड्यातून किमान १५० मिनिटे जलद चालणे, भात-पोळीचे प्रमाण मर्यादित ठेवून डाळी व भाज्या वाढवणे आणि तंबाखू वर्ज्य करणे हितावह आहे.

गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर एचबीए१सी चाचणीतून समजते. औषधाची मात्रा कमी करायची की वाढवायची, याचा निर्णय या चाचणीच्या आधारे डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो.